भिंतच जेव्हा पंप होते
(तृतीय वर्ष, केमिकल)

‘कॅपिलरी’ म्हटलं की आपल्या सगळ्यांना फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमधली ती बारीक काचेची नळी आठवते. बीकरमध्ये नळी उभी करायची, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून पाण्याची पातळी शोधायची आणि सरफेस टेन्शन काढून जर्नल सबमिट करायचं. प्रयोगाआधी सर हमखास बजावायचे, "नळी आतून स्वच्छ धुवा. तेलकट असेल तर पाणी वर चढणारच नाही." आपण नळी एकदा विसळायचो आणि पुढे जायचो.

या लेखातली कॅपिलरी त्याहून कितीतरी बारीक आहे. तिची आतली पोकळी साधारण ५० मायक्रोमीटरची, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी. तिच्या दोन टोकांना २० ते ३० हजार व्होल्ट लावतात आणि रक्तातली, औषधातली किंवा पाण्यातली द्रव्यं एकमेकांपासून वेगळी करतात. या तंत्राचं नाव कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. इथे ‘नळी आतून कशी आहे’ हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरता राहत नाही. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर पूर्ण उत्तर अवलंबून असतं. ते कसं, हे समजावून सांगायचा हा प्रयत्न. सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्सपलीकडचं काही लागणार नाही, तेव्हा इतर ब्रँचच्या मंडळींनी पान उलटू नये ही विनंती.

हा विषय माझ्यापर्यंत कसा आला

मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे सिकलसेल हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो. विदर्भातला पूर्वेकडचा भाग, मेळघाट, नंदुरबार इथले जे आपल्या हॉस्टेलवर आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू केलं आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्यात तपासणीला फार महत्त्व आहे.

गावपातळीवर जी सोपी सोल्युबिलिटी टेस्ट होते ती एवढंच सांगते की रक्तात ‘एस’ प्रकारचं हिमोग्लोबिन आहे किंवा नाही. पण माणूस नुसता वाहक आहे (एएस) की त्याला आजार आहे (एसएस), हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजावं लागतं. ते एचपीएलसीने होतं किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने. फरक किती मोठा आहे पाहा. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन पूर्ण सामान्य असेल तर तो धोका नाही. लग्नं जुळताना, बाळंतपणाच्या आधी, या एका अक्षरावर घरात रात्र-रात्र चर्चा झालेली मी पाहिली आहे. सेमिनारसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा म्हटलं, ते अक्षर कागदावर येतं कुठून तेच बघू.

शर्यत कशाची?

इलेक्ट्रोफोरेसिसचं मूळ तत्त्व सोपं आहे. भारित कण द्रवात सोडा, विद्युत क्षेत्र लावा, कण चालू लागतात. ज्याचा भार जास्त आणि आकार लहान तो जोरात जातो. स्वीडनच्या उप्साला इथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये यू आकाराच्या नळीत रक्तातली प्रथिनं या पद्धतीने वेगळी करून दाखवली. त्या कामासाठी त्यांना १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तंत्र वापरून सिकलसेलच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन तपासलं. ते सामान्य हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने चालत होतं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत आहे असं पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे दिसलं. कारण नंतर कळलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड असतं, त्याच्या जागी सिकलसेलमध्ये व्हॅलिन येतं. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण भार असतो, व्हॅलिनवर काहीच नसतो. एका रेणूत दोन बीटा साखळ्या, म्हणजे एकूण दोन ऋण भार कमी. एवढ्या मोठ्या रेणूत फक्त दोन भारांचा फरक! आपल्याला तो फरक पकडायचा आहे.

टिसेलियस यांच्या उपकरणात एक अडचण होती. वीज गेली की द्रव तापतो, तापला की त्यात प्रवाह सुटतात आणि वेगळे झालेले पट्टे पुन्हा मिसळतात. उपाय म्हणजे नळी बारीक करणं, म्हणजे उष्णता लगेच भिंतीतून बाहेर जाते. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात जेम्स जॉर्गनसन आणि क्रिन लुकाच यांनी ७५ मायक्रोमीटर व्यासाच्या काचेच्या कॅपिलरीत ३० हजार व्होल्टपर्यंत दाब लावून प्रयोग केले. त्यांना ४ लाखांहून जास्त थिऑरेटिकल प्लेट्स मिळाल्या. मास ट्रान्सफरच्या गणितात आपण दहा-वीस प्लेट्स मोजताना पेन्सिल झिजवतो, त्यावरून या आकड्याचा अंदाज घ्या.

पण नळी बारीक केली की दुसरीच गोष्ट पुढे येते. द्रव कमी होतो आणि भिंत वाढते. ५० मायक्रोमीटर पोकळीची ५० सेंटिमीटर लांब कॅपिलरी घ्या. तिच्यात द्रव मावतो जेमतेम १ मायक्रोलिटर. आणि त्या एवढ्याशा द्रवाला भिडलेली भिंत सुमारे ०.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. एक मायक्रोलिटर द्रव नखभर जागेवर पसरला तर त्यातला कुठलाच रेणू भिंतीपासून फार लांब राहणार नाही.

रूम पार्टनरचा आक्षेप

सेमिनारची तयारी चालू असताना माझा रूम पार्टनर, जो मेकॅनिकलचा आहे, कॉटवर पडल्या पडल्या म्हणाला, "अरे, शेवटी पाइपच ना? रेनॉल्ड्स नंबर किती येतो?"

मी हिशोब केला. वेग सेकंदाला २ मिलिमीटर, व्यास ५० मायक्रोमीटर, पाणी. उत्तर आलं ०.१.

"मग संपला विषय. लॅमिनार फ्लो. फ्रिक्शन फॅक्टर म्हणजे चौसष्ट भागिले रेनॉल्ड्स नंबर. मूडी चार्ट काढून बघ, डावीकडे सगळ्या रफनेससाठी एकच सरळ रेष आहे. तुझ्या कॅपिलरीची भिंत खडबडीत असो नाहीतर गुळगुळीत, काय फरक पडतो?"

आक्षेप बिनतोड होता. निकुराडझे यांनी १९३३ मध्ये पाइपांना आतून वाळूचे कण चिकटवून जे प्रसिद्ध प्रयोग मांडले, त्यांतही हेच दिसतं: प्रवाह लॅमिनार आहे तोपर्यंत वाळूचा परिणाम जवळजवळ नाही. मग या केसाएवढ्या नळीच्या भिंतीवर संशोधकांनी इतकी वर्षं का घालवली?

उत्तर असं की मूडी चार्ट ज्या पाइपांसाठी आहे तिथे पंप बाहेर असतो. भिंत फक्त अडवण्याचं काम करते. आपल्या कॅपिलरीला बाहेर पंपच नाही. इथे द्रव ढकलण्याचं काम खुद्द भिंत करते.

भिंत ढकलते कशी?

कॅपिलरी फ्यूज्ड सिलिकाची, म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉन डायऑक्साइडची असते. बाहेरून पॉलिइमाइडचा तपकिरी लेप असतो, त्यामुळे ती तारेसारखी वाकते. आतल्या भिंतीवर सिलॅनॉल गट असतात, म्हणजे सिलिकॉनला जोडलेले ओएच गट. पूर्ण भिजलेल्या सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला असे सुमारे पाच गट असतात. पीएच तीनच्या वर गेला की ते हळूहळू हायड्रोजन आयन सोडायला लागतात आणि भिंतीवर ऋण भार येतो. पीएच नऊच्या आसपास भार भरपूर झालेला असतो.

ऋण भिंतीजवळ द्रवातले धन आयन गोळा होतात. या थराला डबल लेयर म्हणतात. याचं गणित हेल्महोल्ट्झ यांनी १८७९ मध्ये आणि स्मोलुचोव्स्की यांनी १९०३ मध्ये मांडलं. विद्युत क्षेत्र लावलं की हे धन आयन ऋण टोकाकडे निघतात आणि जाताना सोबत पाणीही ओढून नेतात. भिंतीलगतचा थर सरकला की त्याच्या आतला थर सरकतो, असं करत पूर्ण द्रव चालू लागतो. याला इलेक्ट्रोऑस्मोसिस म्हणतात. हा परिणाम रॉइस यांनी मॉस्कोमध्ये १८०९ मध्येच ओल्या मातीत वीज सोडून पाहिला होता.

वेगाचं सूत्र शब्दांत असं:

वेग = (द्रवाची परमिटिव्हिटी × झीटा पोटेन्शियल × विद्युत क्षेत्र) ÷ व्हिस्कॉसिटी

झीटा पोटेन्शियल म्हणजे भिंतीलगत, द्रव जिथून सरकायला लागतो तिथलं पोटेन्शियल. ७० मिलिव्होल्ट धरा आणि ५० सेंटिमीटरला २० हजार व्होल्ट लावा. उत्तर येतं सेकंदाला जवळपास २ मिलिमीटर. पूर्ण कॅपिलरी पार करायला साधारण चार मिनिटं.

सूत्रात नळीचा व्यास नाही, हे लक्षात आलं का? याचा अर्थ वेग भिंतीपासून मध्यापर्यंत सारखाच असतो. पंपाने ढकललेल्या प्रवाहात मधला द्रव पुढे पळतो आणि कडेचा रेंगाळतो, पॅराबोला तयार होतो. इथे मात्र एनसीसीच्या परेडसारखी सरळ रांग पुढे सरकते. नमुन्याचा पट्टा जसा आत गेला तसाच, जवळपास न पसरता, बाहेर येतो. ४ लाख प्लेट्सचं एक मोठं रहस्य हेच आहे.

हिमोग्लोबिनच्या तपासणीत याचा उपयोग बघण्यासारखा आहे. पीएच ९.४ च्या आसपासच्या बफरमध्ये हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून त्याला धन टोकाकडे, उलट दिशेला जायचं असतं. पण इलेक्ट्रोऑस्मोसिसचा लोंढा जास्त जोरदार असल्यामुळे सगळे प्रकार ऋण टोकाकडेच वाहून जातात. सरकत्या जिन्यावर उलटं चालणाऱ्यासारखं. ज्याचा उलट जाण्याचा जोर कमी, तो आधी पोचतो. ‘एस’वर दोन ऋण भार कमी, म्हणून तो सामान्य ‘ए’च्या आधी डिटेक्टरसमोर येतो.

म्हणजे जिना भिंत चालवते. आता भिंतीत बिघाड झाला तर?

तीन नॅनोमीटरचा कारभार

१० मिलिमोलर मिठाच्या द्रावणात डबल लेयरची जाडी सुमारे ३ नॅनोमीटर असते. हे किती लहान? कॅपिलरीची ५० मायक्रोमीटरची पोकळी मोठी करून आपल्या १० मीटर रुंद सेमिनार हॉलएवढी केली, तर डबल लेयर भरतो ०.६ मिलिमीटर. भिंतीवर दोन-तीन हात दिलेल्या रंगाएवढा. तो रंगाचा थर हॉलमधली सगळी हवा ओढून नेतो आहे अशी कल्पना करा.

हिमोग्लोबिनचा रेणू साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास. याच मापात तो मोहरीच्या दाण्याएवढा होतो. रंगाच्या थरापेक्षा मोहरीचा दाणा जाड! भिंतीवर प्रथिनाचा एकच थर चिकटला तरी मूळ सिलिकाचा भार झाकला जातो आणि त्या जागी प्रथिनाचा भार कारभार पाहू लागतो. पंप तिथे मंदावतो, बंद पडतो किंवा उलटाही फिरतो.

भिंतीच्या ‘पोता’त, म्हणजे टेक्श्चरमध्ये, दोन गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

पहिली, आकाराची: उंचवटे, खाचा, ओरखडे. फ्यूज्ड सिलिकाची नळी वितळलेल्या अवस्थेत ओढून करतात, त्यामुळे सरफेस टेन्शनने पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत होतो. राहिलेले उंचवटे नॅनोमीटरच्या घरातले. उंचवटा डबल लेयरपेक्षा खूप मोठा असेल आणि भार सगळीकडे सारखा असेल, तर द्रव विद्युत क्षेत्राच्या रेषांप्रमाणेच त्याला वळसा घालून जातो, फार बिघडत नाही. उंचवटे-खाचा डबल लेयरच्याच मापाच्या झाल्या की वरचं साधं सूत्र पुरत नाही. शिवाय खडबडीत पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे रेणूंना चिकटायला जागा जास्त.

दुसरी, भाराची: कुठे सिलॅनॉल जास्त, कुठे कमी, कुठे प्रथिन बसलेलं, कुठे लेप निघालेला. भिंत हाताला (हात आत गेला तर!) अगदी गुळगुळीत लागेल, पण भाराच्या दृष्टीने ती ठिगळं लावलेली असू शकते. सगळ्यात जास्त नुकसान ही ठिगळंच करतात. हे गणिताने बघू.

पाच टक्के घाण, किती नुकसान?

कॅपिलरीच्या अर्ध्या लांबीत भिंत चांगली आहे, तिथे वेग २ मिलिमीटर. उरलेल्या अर्ध्या लांबीत भिंतीवर असा लेप आहे की वेग शून्य. नळीत पाणी भरलेलं आहे, त्यामुळे जेवढं एका भागातून जाईल तेवढंच दुसऱ्यातून जायला हवं. हा आपला कंटिन्युइटीचा नियम. सरासरी वेग सगळीकडे १ मिलिमीटर येणार.

पण चांगल्या भागाची भिंत तर २ ने ढकलते आहे! मग तिथे आपोआप उलटा प्रेशर तयार होतो. प्रेशरचा प्रवाह पॅराबोलिक असतो आणि त्याचा मधला वेग सरासरीच्या दुप्पट. सरासरी उणे १, म्हणून मध्यावर उणे २. भिंतीचा २ आणि प्रेशरचा उणे २, म्हणजे नळीच्या मध्यभागी द्रव थांबलेला आणि कडेने २ मिलिमीटरने पळणारा. लेप असलेल्या अर्ध्या भागात नेमकं उलट, कडेला शून्य आणि मध्यावर २. परेडची सरळ रांग दोन्हीकडे मोडली. अर्धी भिंत झाकलेल्या कॅपिलरीतला हा विस्कटलेला प्रवाह अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २००० मध्ये प्रत्यक्ष फोटो घेऊन दाखवला आहे.

रांग मोडली की नमुन्याचा पट्टा पसरतो. तो किती पसरेल याचं सूत्र जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्ये दिलं. नळीची त्रिज्या गुणिले प्रेशर-प्रवाहाचा सरासरी वेग भागिले डिफ्युजन कोएफिशंट, हा झाला पेक्ले नंबर. त्याचा वर्ग करून ४८ ने भागा. साध्या डिफ्युजनच्या तुलनेत पसरण त्या पटीने वाढते.

अर्धी भिंत खराब हे उदाहरण टोकाचं आहे, म्हणून फक्त ५ टक्के लांबी बंद पडली असं धरू. ५० सेंटिमीटरपैकी अडीच सेंटिमीटर. सरासरी वेग १.९ मिलिमीटर. चांगल्या ९५ टक्के भागात प्रेशरचा वेग उणे ०.१ मिलिमीटर. त्रिज्या २५ मायक्रोमीटर. हिमोग्लोबिनचा डिफ्युजन कोएफिशंट सेकंदाला ७ × १० चा उणे ११ वा घात चौरस मीटर.

पेक्ले नंबर आला साधारण ३६. वर्ग करून ४८ ने भागलं की जवळपास २७. म्हणजे ज्या भागात भिंतीला काहीही झालेलं नाही तिथेसुद्धा पसरण मूळच्या सुमारे २८ पट झाली! पट्ट्याची रुंदी वर्गमुळाने वाढते, म्हणून फक्त ही एकच गोष्ट धरली तर पट्टा पाचपट रुंद. खराब झालेल्या अडीच सेंटिमीटरमध्ये जे होईल ते वेगळंच.

हेच गणित लहान रेणूसाठी करा, ज्याचा डिफ्युजन कोएफिशंट १० चा उणे ९ वा घात आहे. पेक्ले नंबर अडीच, पसरण फक्त १३ टक्क्यांनी जास्त. लहान रेणू झटकन मध्यातून कडेला, कडेतून मध्यात जातो, त्यामुळे त्याला दोन्ही वेगांची सरासरी मिळते. प्रथिनासारखा मोठा रेणू जिथे आहे तिथेच बराच वेळ अडकतो. म्हणून एकच कॅपिलरी साध्या औषधाला चालून जाते आणि प्रथिनाला दगा देते.

हे गणित मी रूम पार्टनरसमोर ठेवलं. तो उठून बसला आणि त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर ते दोनदा करून पाहिलं.

आता रिपोर्टकडे या. रक्तात ‘ए-टू’ नावाचं हिमोग्लोबिन असतं, एकूण प्रमाणाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. ते साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा विचार करतात. म्हणजे निर्णय अर्ध्या-एक टक्क्यावर होतो. शेजारचे पट्टे पाचपट रुंद होऊन एकमेकांत घुसले तर हा अर्धा टक्का कुणाच्या खात्यात मांडायचा? म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये माहीत असलेले कंट्रोल नमुने रोज चालवून मगच रुग्णांचे रिपोर्ट देतात.

भिंतीवरचे उपाय

हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याची उत्तरंही बरीच आहेत.

एक, भिंत आणि नमुना दोघांनाही एकाच भाराचं करा. पीएच ९.४ ला सिलिकाही ऋण आणि हिमोग्लोबिनही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात, चिकटणं कमी होतं. अल्कलाइन बफर वापरण्यामागे हे मोठं कारण आहे. पण लायसोझाइमसारखं प्रथिन पीएच ११ पर्यंत धन भाराचं राहतं. साध्या सिलिकावर ते माशी गुळाला चिकटावी तसं चिकटतं.

दोन, भिंतीला कायमचा लेप द्या. टिसेलियस यांचे विद्यार्थी स्टेलान येर्टेन यांनी १९६७ मध्ये काही मिलिमीटर व्यासाच्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या क्वार्ट्झ नळ्या वापरल्या आणि त्यांना आतून मिथाइल सेल्युलोजचा लेप दिला. १९८५ मध्ये त्यांनी कॅपिलरीच्या भिंतीला पॉलिॲक्रिलामाइडच्या साखळ्या रासायनिक बंधाने जोडण्याची पद्धत दिली. यात इलेक्ट्रोऑस्मोसिस जवळपास बंद होतो, पण सगळीकडे सारखा बंद होतो. मघाच्या गणिताने हेच सांगितलं: पंप बंद असला तरी चालेल, ठिकठिकाणी वेगळा चालला तर चालणार नाही.

तीन, लेप बफरमध्येच मिसळा. डीएनए सिक्वेन्सिंगमध्ये असे पॉलिमर वापरले गेले, जे डीएनएला लांबीनुसार वेगळंही करतात आणि आपणहून भिंतीवर बसून तिला झाकतातही. २००३ मध्ये पूर्ण झालेल्या ह्यूमन जीनोम प्रोजेक्टच्या शेवटच्या वर्षांत वेग आला त्यात एकाच वेळी ९६ कॅपिलरी चालवणाऱ्या यंत्रांचा मोठा वाटा होता.

चार, मुद्दाम खडबडीत करा! होय, हेही करतात. अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात जोसेफ पेसेक आणि मारिया मातिस्का यांनी अमोनियम बायफ्लोराइडने तापमान वाढवून कॅपिलरी आतून खोदली. क्षेत्रफळ हजार पटींपर्यंत वाढतं. मग त्या पृष्ठभागावर हवे ते रासायनिक गट बसवायचे आणि रेणूंना भिंतीशी ठरवून, मोजूनमापून थांबायला लावायचं. म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस आणि क्रोमॅटोग्राफी एकाच नळीत. खडबडीतपणा सगळीकडे सारखा आणि आपल्या ताब्यात असेल तर तो कामाला येतो.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टसाठी ज्यांच्या हातात हे यंत्र येईल त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

नवी कॅपिलरी लावली की लगेच नमुना घालू नका. आधी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने वीसेक मिनिटं, मग पाण्याने, मग बफरने धुवा. अल्कलीने सिलॅनॉल गट उघडे होतात आणि भिंत सगळीकडे एकसारखी होते. दोन नमुन्यांच्या मध्ये ०.१ मोलरने दोन-तीन मिनिटं पुरतात. लेप दिलेल्या कॅपिलरीत मात्र अल्कली घालू नका, लेप उखडेल. तिच्यासोबत आलेल्या सूचना वाचा.

भिंतीला आठवण असते. तीच कॅपिलरी आधी ॲसिडने धुतली की अल्कलीने, यावर मधल्या पीएचला इलेक्ट्रोऑस्मोसिसचा वेग वेगळा येतो, आणि तो स्थिर व्हायला वेळ लागतो. शक्यतो एका पद्धतीला एकच कॅपिलरी ठेवा.

नमुन्यात थोडं ॲसिटोन टाका. त्यावर भार नाही, त्यामुळे ते फक्त भिंतीच्या पंपाच्या वेगाने येतं. ॲसिटोनची वेळ रोज वहीत लिहा. ती सरकायला लागली की भिंत बदलते आहे असं समजा. पट्ट्यांचा आकार बिघडायच्या आधी ही सूचना मिळते.

आणि पट्ट्यांना शेपटी फुटली म्हणून थेट व्होल्टेज वाढवायला जाऊ नका. आधी धुवा. तरी शेपटी राहिली तर कॅपिलरी बदला. एका कॅपिलरीपेक्षा चुकीचा आकडा महाग पडतो.

जाता जाता एक गणित

लेख वाचून कुणाला हुरूप आला असेल तर हे करून पाहा. कॅपिलरीच्या एक तृतीयांश लांबीत भिंतीचा पंप पूर्ण बंद आहे, उरलेल्या भागात तो पूर्ण वेगाने चालतो आहे. दोन्ही भागांत नळीच्या मध्यभागी द्रवाचा वेग किती? उत्तर: चांगल्या भागात पूर्ण वेगाच्या एक तृतीयांश आणि बंद भागात चार तृतीयांश. म्हणजे जिथे भिंत काहीच करत नाही तिथे मधला द्रव सगळ्यात जोरात पळतो! कागदावर सोडवून पाहा. अडलं तर बी विंगमध्ये, मेसच्या वरच्या मजल्यावर, रात्री जेवणानंतर या. मूडी चार्टवाले साहेबही तिथेच भेटतील, आणि आता तेच समजावून सांगतील.